चरणाला बांधलेली गोष्ट : वारकरी कीर्तन कसं उभं राहतं

कीर्तन ऐकून घरी निघालेल्या माणसाला विचारा, "आज महाराजांनी काय सांगितलं?" तो गोष्ट सांगेल. एकनाथांची, गोरोबाकाकांची, नाहीतर कुठल्याशा सासू-सुनेची. गोष्ट सांगता सांगता अभंगाची ओळ आपसूक त्याच्या तोंडी आली, तर ते कीर्तन साधलं. नुसती गोष्टच घरी आली आणि ओळ मंडपात राहिली, तर कुठेतरी शिवण उसवली आहे. ओळ आणि गोष्ट एकमेकींना जोडणारी ही शिवण घालायची कशी, यातच कीर्तनकाराची कारागिरी असते.

आधी एक फरक लक्षात घेऊ, कारण 'कीर्तन' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या रचना येतात. नारदीय कीर्तनात बुवा एकटे उभे असतात, हातात चिपळ्या किंवा झांज, साथीला पेटी-तबला. कोकण-गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत हे आजही रंगतं. त्याचे दोन भाग सरळ दिसतात. पूर्वरंगात एखादं पद घेऊन तत्त्वाचं निरूपण होतं. मग मध्यंतरात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, नामाचा गजर होतो. उत्तररंगात त्याच तत्त्वावर एक पूर्ण आख्यान लागतं. आख्यानाचा मजकूर पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या साठ्यातून येतो: मोरोपंतांच्या आर्या, वामन पंडितांचे श्लोक, अमृतरायांचे कटाव, महिपतींच्या 'भक्तविजया'तल्या ओव्या. प्रत्येक छंदाचं कामही ठरलेलं असतं. वर्णन वेगाने पुढे न्यायचं तर कटाव, आणि पात्राच्या मनातलं बोलायचं तर साकी किंवा दिंडी.

वारकरी कीर्तनाची घडण वेगळी. इथे आख्यानाला स्वतंत्र जागा नाही. एकच अभंग घ्यायचा आणि पहिल्या चरणापासून 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे'पर्यंत तोच सोडवायचा. कीर्तनकार पुढे, पाठीशी गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, एका बाजूला मृदंग, आणि मागे रांगेने टाळकरी. मध्यंतराचा हार-बुक्का इथे नाही. तुकोबांचा अभंगच आहे: 'जेथे कीर्तन करावे । तेथे अन्न न सेवावे ॥ बुका लावू नये भाळा । माळ घालू नये गळा ॥' त्याच अभंगाच्या शेवटी ते म्हणतात की द्रव्य घेणारे आणि देणारे दोघेही नरकात जातात. आज मानधनाचे आकडे ठरवताना हा अभंग कुणी काढत नाही, पण गाथ्यात तो आहे. पुढचं सगळं विवेचन या वारकरी पद्धतीचंच, कारण गावोगावच्या सप्ताहात आणि मोबाइलवर बहुतेकांच्या कानी पडतं ते हेच.

दोन तासांचा आराखडा

सप्ताहातलं कीर्तन साधारण रात्री नऊ ते अकरा. पहिली पंधरा-वीस मिनिटं बोलणं जवळजवळ नसतंच. 'जय जय रामकृष्ण हरी'चा गजर होतो, मग 'सुंदर ते ध्यान'सारखा रूपाचा अभंग. घाईत असलेल्या श्रोत्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण टाळ आणि मृदंग एका लयीला बसायला, आणि मंडपातली कुजबुज थांबायला तेवढा वेळ लागतोच. इथे काटछाट केली की पुढे तासभर टाळ एकीकडे आणि मृदंग दुसरीकडे ओढत राहतात.

त्यानंतर दिवसाचा अभंग लावतात. टाळकरी त्याचं ध्रुवपद, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, धरून ठेवतात, म्हणजे कीर्तनकार बोलता बोलता जिथे थांबेल तिथून परत येण्यासाठी एक ओळ तयार असते. मग प्रस्तावना: अभंग कुणाचा, तो कशाबद्दल आहे, आजच्या प्रसंगाशी त्याचा संबंध काय. पुढे चरणागणिक दहा-पंधरा मिनिटं. मोठी गोष्ट असेल तर तिला वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी गजर, 'हेचि दान देगा देवा', आरती आणि पसायदान.

चरण सोडवायची हत्यारं चार. पूर्वपक्ष म्हणजे शंका, विरोधी मत. सिद्धांत म्हणजे त्याचं उत्तर. प्रमाण म्हणजे दुसऱ्या संतवचनाची साक्ष. दृष्टांत म्हणजे उदाहरण. प्रमाणाची एक खास रीत आहे. कीर्तनकार वचनाचा पहिला अर्धा भाग उच्चारतो आणि मागचा गायक टाळकरी तो उचलून चालीवर पूर्ण करतो. म्हणून टाळकऱ्यांचं पाठांतर कच्चं असेल तर चांगला कीर्तनकारही उघडा पडतो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत, जी जोग महाराजांनी 1917 साली सुरू केली, पाठांतरावर भर असतो तो या कारणाने.

एक अभंग उलगडून पाहू

'जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले ॥' शाळेपासून पाठ असलेला अभंग. आणि म्हणूनच अवघड, कारण श्रोत्याला वाटतं, हे तर आपल्याला ठाऊक आहे.

कसलेला कीर्तनकार पहिल्याच चरणात थांबतो आणि विचारतो: रंजले आणि गांजले, दोन शब्द कशाला? एकाने भागलं नसतं? मग तो फरक करतो. रंजलेला तो, ज्याला परिस्थितीने दुःख दिलं: दुष्काळ, आजार, गरिबी. गांजलेला तो, ज्याला माणसांनी छळलं. गांजणं म्हणजेच छळणं. पहिल्याची कीव करायला फारसं धैर्य लागत नाही. दुसऱ्याला 'आपुला' म्हटलं की छळणाऱ्याशी वैर येतं. इथे मंडपातला माणूस सावरून बसतो, कारण पाठ असलेल्या ओळीत त्याला न दिसलेलं काहीतरी दिसलं.

'तोचि साधू ओळखावा । देव तेथेचि जाणावा ॥' या ध्रुवपदानंतर येतं 'मृदु सबाह्य नवनीत । तैसे सज्जनांचे चित्त ॥'. इथे दृष्टांत अभंगातच आहे: लोणी, आतबाहेर मऊ. कीर्तनकार पूर्वपक्ष मांडतो: लोणी मऊ खरं, पण ते केव्हा वितळतं? स्वतःला आच लागली तरच. मग सज्जनाला लोण्याची उपमा पुरी पडते का? याला प्रमाण तुलसीदासांचं आहे: 'निज परिताप द्रवइ नवनीता । पर दुख द्रवहिं संत सुपुनीता ॥' लोणी आपल्या तापाने पाघळतं, संत दुसऱ्याच्या दुःखाने पाघळतात. म्हणजे तुकोबांची उपमा चुकली का? नाही, कारण दृष्टांत नेहमी एकदेशी असतो. ज्या एका अंगापुरता दिला त्या अंगापुरताच घ्यायचा. तुकोबांनी लोणी घेतलं ते 'सबाह्य' मऊपणापुरतं.

मग येतो चौथा चरण: 'ज्यासी आपंगिता नाही । त्यासी धरी जो हृदयी ॥'. 'आपंगिता' हा शब्द आता बोलण्यातून गेला आहे, तेव्हा त्याचा अर्थ सांगावाच लागतो: आपलं म्हणून सांभाळणारा, पाठीराखा. मोठी गोष्ट इथे बसते, पहिल्या चरणाला नव्हे. पहिल्या चरणाला सांगितली तर पुढचे चरण नुसती पुरवणी होतात, आणि गोष्ट संपली की निम्मा मंडप उठतो.

गोष्ट एकनाथांची. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेत, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसतं, आणि नाथ कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओततात. एवढीच गोष्ट, घाईने सांगितली तर दोन मिनिटांत संपते. ती वीस मिनिटं पेलते कशी?

आधी कावडीची किंमत वाढवावी लागते. किती महिन्यांची पायपीट, खांद्याला पडलेले वळ, रात्री कावड जमिनीला टेकू नये म्हणून घेतलेली काळजी. पाण्याचं मोल श्रोत्याच्या मनात बसलं नसेल, तर पाणी ओतण्याला काहीच अर्थ उरत नाही. मग ऊन आणि वाळू. मग गाढव, आणि ते गाढवच असणं महत्त्वाचं: गाय असती तर कुणीही पाणी पाजलं असतं, पुण्य म्हणून. गाढवाला आपंगिता नाही. मग सोबत्यांचा आक्षेप, आणि तो दुबळा ठेवून चालत नाही. "नाथा, देवाच्या नावाने उचललेलं पाणी आहे. रामेश्वराला काय उत्तर देशील?" हा खरा, भक्ताच्या मनातला प्रश्न आहे. सोबत्यांना मूर्ख ठरवून टाळ्या घेतल्या की नाथांचं मोठेपणही त्याबरोबर उतरतं. आक्षेप जितका वजनदार, तितकं उत्तर वजनदार.

मग पाणी ओतण्याचा क्षण. इथे मृदंग थांबतो. दोन-चार सेकंद काहीच नाही. आणि मग कीर्तनकाराने काहीही न समजावता फक्त ओळ घ्यायची: 'ज्यासी आपंगिता नाही…' टाळकरी उचलतात, मृदंग दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जातो. गोष्ट चरणाला शिवली गेली. लगोलग तुकोबांचंच प्रमाण येतं: 'भूतदया गाईपशूंचे पालन । तान्हेल्या जीवन वनामाजी ॥' जीवन म्हणजे पाणी. तहानलेल्याला रानात पाणी.

या गोष्टीत बिघाड होतो तो बहुधा शेवटाला. गाढवाच्या जागी साक्षात शंकर प्रकट झाले, आकाशातून फुलं पडली, असं रंगवण्यात पाच मिनिटं जातात. भक्तिकथेत चमत्कार येणारच, त्याला हरकत नाही. पण इथे तो लांबला की श्रोत्याच्या मनात नकळत बसतं की नाथांनी पाजलं ते बरं झालं, कारण गाढव खरं देव निघालं. अभंग नेमकं उलट सांगतो: देव तेथेचि जाणावा. ज्याने आपलं म्हटलं त्याच्या ठायी देव ओळखायचा. एका अलंकाराने अख्ख्या अभंगाचा अर्थ फिरतो, आणि तेही टाळ्यांच्या गजरात, कुणाच्या ध्यानात न येता.

विनोदाचं गणितही असंच. दीड-दोन तास बसलेल्या माणसाला हसवावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न एवढाच की हसू कुठे सोडून जातं. चरणाच्या तोंडाशी सोडलं तर हसलेला श्रोता मोकळ्या मनाने पुढचं कठीण वाक्य घेतो. चरण संपता संपता सोडलं तर आधी बांधलेलं सगळं विखुरतं. आणि एक गोष्ट स्पष्टच म्हणायला हवी: बायका, सुना, मुलींचे कपडे यांच्यावर हमखास हशा घेणारे विनोद या अभंगाच्या मंडपात शोभत नाहीत. 'गांजले' हा शब्द समजावून झाल्यावर, ज्या घरात गांजल्या जातात त्यांच्यावरच मंडप हसवायचा, यात ओळीशी बेइमानी आहे.

पद्धत मोडूनही ओळ जपता येते, हे गाडगे महाराजांनी (1876–1956) दाखवलं. चरणाचरणाचं निरूपण त्यांनी बाजूला ठेवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. लोक उत्तर देत, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. कर्ज काढून सण, दारू, नवसाचं बोकड, घाण, मुलांची शाळा. मध्ये 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला'चा गजर. तिथे श्रोत्याचं घर हेच आख्यान होतं.

सिनेमाची चाल अभंगाला बसते कशी

कीर्तनात सिनेमाच्या चाली शिरल्या म्हणून दरवर्षी वाद होतो. वादात उतरण्याआधी त्या चाली बसतात का, हे समजून घेऊ.

अभंग हा अक्षरछंद आहे. मोजायची ती अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन भाग: 'जे का रंजले गांजले' मोजून पाहा, आठ, 'त्यासी म्हणे जो आपुले', पुन्हा आठ. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार: 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया'. अक्षर लांबवायचं की आखडायचं हे गाणाऱ्याच्या हाती. त्यातून भजनी ठेका आठ मात्रांचा आणि सिनेसंगीतात सर्रास वाजणारा केरवाही आठ मात्रांचा. त्यामुळे केरव्यातली कुठलीही चाल थोडी ओढूनताणून अभंगावर चढते. वृत्तातल्या श्लोकाला हे इतकं सहज जमत नाही, कारण तिथे लघु-गुरूची जागा पक्की असते.

आणि ही देवघेव आजची नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यातल्या कितीतरी पदांना साकी, दिंडी, कामदा असे छंद होते, म्हणजे कीर्तनातून श्रोत्यांच्या कानात आधीच मुरलेले. पुढे नाट्यपदं इतकी लोकप्रिय झाली की नारदीय बुवांनी त्यांच्या चाली कीर्तनात घेतल्या.

तरी सिनेमाची प्रत्येक चाल चालते असं नाही. अडचण स्मरणाची आहे. चाल ऐकताच श्रोत्याच्या मनात मूळ गाण्याचे शब्द आणि पडद्यावरची चित्रं जागी होतात. ते गाणं चालू महिन्यातलं असेल तर अभंगाचे शब्द त्याच्याशी झगडून हरतात. जुन्या, शब्द विसरल्या गेलेल्या चालीत हा धोका कमी. दुसरी अडचण साधी: सिनेमाची चाल एका गळ्यासाठी बांधलेली असते, तिच्या हरकती वीस टाळकऱ्यांना एकत्र घेता येत नाहीत. मग टाळकरी गप्प होतात आणि कीर्तनाचं एकपात्री गाणं होतं. चाल निवडताना टाळकऱ्यांना ती दुसऱ्या आवर्तनात उचलता येते का, एवढं तपासलं तरी बरंच काम होतं.

सिनेमानेही कीर्तनाला काही दिलं, आणि त्यातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. 1936 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' आला, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा असे उभे केले की पुढच्या कित्येकांच्या मनात तुकोबांचा चेहरा तोच राहिला. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी 'आधी बीज एकले' लिहिलं. ते भाषेने आणि भावाने इतकं तुकोबांच्या जवळ गेलं की लोक ते गाथ्यातलंच समजू लागले. जाणकारही गाथा चाळून शोधू लागले.

ही गफलत ओळखायची रीत सोपी आहे, आणि प्रमाण म्हणून कुठलीही ओळ घेण्याआधी ती वापरावी. आधी अक्षरं मोजा: आठ-आठ किंवा सहा-सहा-सहा-चार जमतं का? मग शेवटी नाममुद्रा आहे का पाहा. 'आधी बीज एकले'त 'तुका म्हणे' नाहीच. आणि मग छापील गाथ्याची अकारविल्हे सूची काढून पहिली ओळ शोधा. सूची अभंगाच्या पहिल्या शब्दांवर लावलेली असते, ध्रुवपदावर नव्हे, म्हणून 'तोचि साधू ओळखावा' शोधलं तर सापडणार नाही, 'जे का रंजले' शोधावं लागेल. नुसत्या नाममुद्रेवरही भिस्त ठेवू नये. 'तुका म्हणे' कुणालाही कुठल्याही ओळीला जोडता येतं, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांत ते रोज जोडलं जातं. याचा अर्थ आठवल्यांचं गीत कीर्तनात गाऊ नये असा नाही. गावं, कवीचं नाव घेऊन गावं.

एका मिनिटाची क्लिप

आता बहुतेक लोक कीर्तन दोन तासांचं ऐकत नाहीत. त्यांना एका मिनिटाचा तुकडा दिसतो, उभ्या पडद्यावर, खाली मोठ्या अक्षरांत. याने गावाबाहेरची, परदेशातली पोरंही पहिल्यांदा या वाणीपर्यंत पोचली, हे खरंच आहे. पण कीर्तनाची घडण माहीत असेल तर तुकड्यात काय तुटतं ते लगेच दिसतं.

सगळ्यात आधी तुटतो पूर्वपक्ष. कीर्तनकार विरोधी मत स्वतःच्याच तोंडून, पूर्ण आवेशात मांडतो. तसं नाही मांडलं तर सिद्धांताला जोर येत नाही. "देवाचं पाणी गाढवाला? पाप लागेल!" एवढं मिनिटभर कापलं की ऐकणाऱ्याला ते महाराजांचंच मत वाटतं, आणि कापणाऱ्याला त्यातलाच आवेश हवा असतो. दुसरं तुटतं ते ध्रुवपद. तुकड्यात विनोद येतो, किस्सा येतो, ज्या ओळीसाठी तो आला ती ओळ येत नाही.

तेव्हा ऐकणाऱ्याने, एखादी क्लिप खटकली किंवा फारच आवडली, तर मूळ ध्वनिफितीत तिच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटं ऐकावीत. एक चरण साधारण तेवढ्यात मांडला जातो, म्हणून शंका आणि उत्तर दोन्ही त्यात सापडतात. 'म्हणाल', 'कुणी म्हणेल', 'मग असं का?' हे शब्द कानी पडले की पूर्वपक्ष सुरू झाला असं समजावं. पुढे टाळ वाजून प्रमाण आलं की सिद्धांत लागला.

चित्रीकरण करणाऱ्या मंडळांनीही कापायचं तर मिनिटांवर न कापता चरणावर कापावं: ध्रुवपद सुरू होतं तिथून, पुढचं ध्रुवपद लागतं तिथपर्यंत. चित्रफितीच्या नावात कीर्तनकाराच्या आधी अभंगाची पहिली ओळ लिहावी. माइकचं म्हणाल तर एक कीर्तनकाराला, एक प्रमाण उचलणाऱ्या गायकाला आणि मृदंगाच्या दोन तोंडांना दोन. टाळांना वेगळा माइक देऊ नये. ते आपसूक सगळ्या माइकांतून येतात, आणि वेगळा दिला तर ध्वनिफितीत त्यांच्या किणकिणाटाखाली नेमका अभंगच ऐकू येत नाही.